फोन नंबर 'इंट'मध्येच ठेवायचा का?

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या ग्रुप्सवर एक फॉरवर्ड कायम फिरतो, की जे जे आकड्यांत लिहितात ते इंटिजर (पूर्णांक, कोडमध्ये थोडक्यात 'इंट'), म्हणून फोन नंबरही इंटमध्येच ठेवा. वाटतं अगदी बरोबर, कारण दिसतात तर आकडेच, पण तसं नाहीये.

आपल्या पुण्याचा एसटीडी कोड घ्या, ०२०. पायथन भाषेत हा स्ट्रिंग म्हणून, म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर म्हणून लिहा, मग इंटमध्ये बदलून प्रिंट करा, येईल फक्त २०. सुरुवातीचा शून्य गेला, कारण संख्या म्हणून त्याला किंमतच नाही, पण कोडमध्ये तो हवाच ना! आणि थेट ०२० संख्या म्हणून लिहिलं तर पायथन ३ सिंटॅक्स एररच (लिहिण्याचा नियम मोडल्याची चूक) देतं. सी भाषेत तर याहून वाईट, तिथे सुरुवातीच्या शून्यामुळे तो आकडा ऑक्टल, म्हणजे दहाऐवजी आठच्या पायावरचा, धरला जातो आणि उत्तर येतं १६, एररसुद्धा नाही, त्यामुळे चूक लवकर सापडतच नाही. शिवाय मेमरीत ३२ बिट जागा घेणाऱ्या इंटची कमाल मर्यादा २१४७४८३६४७, आपले मोबाईल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे एकही मावणार नाही.

पायथनच्या डिक्शनरीतही (जिथे प्रत्येक माहिती एका 'की'ने, म्हणजे खुणेच्या नावाने, शोधतात) तेच, ती 'की' स्ट्रिंग '०२०' असेल तर इंट २० ने शोधून काही मिळणार नाही.

टाईप ठरवताना एवढंच बघा, याची बेरीज किंवा सरासरी कधी काढणार आहोत का? मार्कांची काढतो, म्हणून ते इंट किंवा फ्लोट (दशांश संख्या). फोन नंबर, पिनकोड, रोल नंबर यांची कोण काढतं? ते स्ट्रिंगच.