जुबिलंट फूडवर्क्स

परदेशी नाममुद्रांचे हक्क घेऊन अनेक देशांत खाद्यगृहांच्या साखळ्या चालवणारी भारतीय कंपनी. मुख्यालय नोएडा (उत्तर प्रदेश). श्यामसुंदर व हरिशंकर भरतिया या बंधूंच्या उद्योगसमूहाने 1995 मध्ये ती ‘डॉमिनोज पिझ्झा इंडिया’ या नावाने नोंदवली. पहिले दुकान 1996 च्या जानेवारीत दिल्लीत उघडले. 2009 मध्ये सध्याचे नाव घेतले आणि 2010 च्या फेब्रुवारीत शेअर बाजारात नोंदणी झाली. भारत, श्रीलंका, बांगलादेश, तुर्कस्तान, अझरबैजान व जॉर्जिया या सहा देशांत समूहाची मिळून 3,000 हून अधिक दुकाने आहेत.

अमेरिकी पिझ्झा साखळी डॉमिनोजशी कंपनीचा मूळ करार ‘मास्टर फ्रँचायझी’ प्रकारचा आहे. साध्या फ्रँचायझीत एका दुकानाचा परवाना मिळतो. इथे अख्ख्या देशाचा मिळतो. जागा शोधणे, भांडवल घालणे, माल पुरवणे, माणसे शिकवणे ही सगळी जबाबदारी हक्क घेणाऱ्याची. मूळ मालकाला विक्रीवर स्वामित्वधन (रॉयल्टी) जाते; डॉमिनोजच्या परदेशी मास्टर फ्रँचायझींत ते सरासरी 3 टक्क्यांच्या आसपास असते. ते नफ्यावर नव्हे, विक्रीवर मोजले जाते. म्हणून सवलत देऊन विक्री वाढवली आणि नफा उरला नाही, तरी तो हप्ता चुकत नाही. पुढे हक्क पोटफ्रँचायझींना देता येतात. भारतात डॉमिनोजची दुकाने कंपनी स्वतः चालवते, तर तुर्कस्तानातील बहुतेक दुकाने पोटफ्रँचायझींकडे आहेत. हा फरक महत्त्वाचा आहे. भारतात दुकानाचा सगळा नफा-तोटा कंपनीचा. तुर्कस्तानात तिची कमाई मुख्यतः स्वामित्वधनातून आणि पोटफ्रँचायझींना विकलेल्या मालातून होते.

नाव आणि पाककृती भाड्याने घेतलेली असताना कंपनीची खरी मिळकत कोणती, याचे उत्तर कमिसरी हे आहे. कमिसरी म्हणजे मध्यवर्ती स्वयंपाकघर आणि गोदाम. मुंबई, बंगळुरू यांसह मोठ्या शहरांजवळ ती उभारलेली आहेत. पिझ्झ्याचे पीठ दुकानात मळले जात नाही. कमिसरीत मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, साखर व तेल मळून ठराविक वजनाचे उंडे पाडतात, ट्रेमध्ये अंतराने मांडतात आणि लगेच गार करतात. 1 ते 4 अंश सेल्सिअसला यीस्ट मरत नाही, मंदावते. त्यामुळे उंडा काही दिवस टिकतो. शीतवाहनातून चीज व सॉसबरोबर हे ट्रे दुकानात जातात आणि परतताना रिकामे ट्रे आणले जातात.

बिघाड बहुधा इथेच होतो. ताजे ट्रे शीतगृहात सुरुवातीला आडवे-उभे रचावे लागतात, म्हणजे मधली उष्णता बाहेर पडते; घाईने एकावर एक घट्ट रचले तर थप्पीच्या मधले उंडे गार होण्याआधीच फुगून एकमेकांना चिकटतात. जास्त फुगलेल्या उंड्यातील साखर यीस्टने संपवलेली असते. त्याचा पिझ्झा फिकट, चपटा आणि आंबूस होतो. उलट शीतकपाटातून काढून थेट ताणलेला उंडा आखडतो, मध्ये पातळ पडतो आणि भाजताना त्यावर फोड येतात. म्हणून गर्दीच्या तासांचा अंदाज बांधून ट्रे आधी बाहेर काढावे लागतात. अंदाज चुकला तर उंडे टाकावे लागतात किंवा गिऱ्हाइकाला थांबावे लागते.

भट्टी सरकत्या पट्ट्याची असते. वरून-खालून गरम हवेचे झोत येतात आणि साधारण सहा-सात मिनिटांत पिझ्झा भाजून बाहेर पडतो. ही वेळ प्रत्येक पिझ्झ्याला सारखीच, म्हणून वरचे पदार्थ वजनाने घालतात. चीज किंवा भाजी सढळ हाताने घातली की कडा भाजून निघतात आणि मधला भाग कच्चा राहतो. कंपनीच्या विक्रीतील सुमारे पाव रक्कम कच्च्या मालावर जाते आणि त्यात चीज महाग असल्याने तराजूला हिशेबाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

‘30 मिनिटांत, नाहीतर फुकट’ या हमीमुळे दुकानाची हद्द अंतराने नव्हे, तर पोचण्याच्या वेळेने आखली जाते. अमेरिकेत अपघातांच्या दाव्यांनंतर ही हमी 1993 मध्ये बंद झाली. भारतात ती पुढेही चालू राहिली. हद्द मोठी झाली की जवळच दुसरे दुकान उघडून ती विभागतात. पिझ्झा गरम पोचतो, वितरकाच्या फेऱ्या वाढतात, पण जुन्या दुकानाची विक्री घटते. म्हणून कंपनीच्या वाढीचे आकडे वाचताना विभागलेली दुकाने वगळलेली आहेत का, हे आधी पाहावे.

करबदलाचा फटका या धंद्याला थेट बसतो. 15 नोव्हेंबर 2017 पासून खाद्यगृहांवरील जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला, पण भाडे व मालावर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. त्या वेळी कंपनीने किमती वाढवल्या. कपातीचा लाभ ग्राहकांना दिला नाही, असे म्हणत राष्ट्रीय नफेखोरीविरोधी प्राधिकरणाने 2019 च्या जानेवारीत 41.42 कोटी रुपयांची नफेखोरी ठरवली; प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

परदेशातील विस्ताराची सुरुवात 2011 मध्ये श्रीलंकेत झाली. बांगलादेशात 2019 मध्ये स्थानिक भागीदारासह ढाक्यात दुकान निघाले आणि पुढे भागीदाराचा हिस्साही घेतला. सर्वांत मोठी उडी म्हणजे डीपी युरेशिया या कंपनीची खरेदी. तिच्याकडे तुर्कस्तान, अझरबैजान व जॉर्जियाचे डॉमिनोजचे हक्क होते. 2021 मध्ये हिस्सा घेऊन 2024 मध्ये जवळजवळ पूर्ण मालकी मिळवली. तिथे सुजुक या मसालेदार सॉसेजचा पिझ्झा चालतो. प्रचंड महागाईमुळे हिशेब मात्र चलनवाढीनुसार जुळवून मांडावे लागतात. डीपी युरेशियाने 2023 मध्ये रशियातील उपकंपनीसाठी दिवाळखोरीचा मार्ग धरला होता.

डॉमिनोजखेरीज कंपनीने भारतात 2012 मध्ये डंकिन (डोनट व कॉफी) आणि 2022 मध्ये बंगळुरूतून पोपाइज (तळलेली कोंबडी) या अमेरिकी साखळ्या सुरू केल्या. पोपाइजची कोंबडी 12 तास मसाल्यात मुरवावी लागते, म्हणजे उद्याच्या गर्दीचा अंदाज आजच बांधावा लागतो. कंपनीची स्वतःची नावे दोन : भारतातील चिनी खाद्यपदार्थांची हाँग्ज किचन (2019) आणि डीपी युरेशियाबरोबर आलेली तुर्कस्तानातील कॉफी साखळी ‘कॉफी’ (Coffy). या दोन्हींवर कोणालाही स्वामित्वधन द्यावे लागत नाही. ‘एकदम!’ ही बिर्याणी साखळी 2020 मध्ये सुरू होऊन काही वर्षांत बंद झाली.