तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो का?

‘मज्जातंतू एकदा तुटला की कायमचा गेला’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूबाबत तो बराचसा खरा आहे. हातापायांतल्या मज्जातंतूंबाबत मात्र नाही.

गर्भात वाढणाऱ्या तंतूच्या टोकाला बोटांसारखे बारीक फाटे फुटलेले असतात. ते आजूबाजूचा भाग चाचपतात. काही रसायने त्यांना ओढतात, काही दूर लोटतात, आणि तंतू आपल्या स्नायूपर्यंत पोहोचतो. मनगटापाशी कापलेल्या तंतूलाही असेच नवे टोक फुटते. जुन्या तंतूभोवतालच्या आवरणातल्या पेशी त्याला वाट दाखवतात. पण कापलेली टोके दूर राहिली तर तंतू भरकटतात, म्हणूनच ती शिवणे महत्त्वाचे.

वेग साधारण दिवसाला 1 मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. 18 सेंटिमीटर असेल तर सहा महिने लागणारच. तोवर बधिरपणा दिसला म्हणून आशा सोडू नये.

डॉक्टर हे तपासतात कसे? तंतूच्या वाटेवर हलकेच टिचकी मारतात. मुंग्या येण्याची जागा दर महिन्याला सुमारे 3 सेंटिमीटर बोटांकडे सरकत असेल, तर तंतू वाढतो आहे. जागा हललीच नाही, तर वाट न पाहता पुन्हा दाखवा. स्नायू वर्ष-दीड वर्षाहून जास्त काळ तंतूविना राहिला, तर तो सहसा सावरत नाही.