ज्येष्ठ नागरिकांचे शासकीय रुग्णालयविमा संरक्षण (मुंबई)

वृद्ध व्यक्तीला रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास त्या उपचारांचा खर्च ठराविक मर्यादेपर्यंत शासनाने उचलण्याची व्यवस्था. मुंबईत केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, राज्याची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि नोकरीशी निगडित जुन्या योजना एकाच वेळी लागू असल्यामुळे वृद्धाचा हक्क ठरवताना त्याचे वय, शिधापत्रिका आणि पूर्वीची नोकरी या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

महाराष्ट्रात या व्यवस्थेचा आरंभ कधी झाला, याचे उत्तर विमा कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. गंभीर आजारांसाठी गरीब रुग्णांना साहाय्य देणारी जीवनदायी योजना १९९७ च्या सुमाराची. तथापि ते साहाय्य अनुदानाच्या स्वरूपाचे होते. विमा कंपनीला शासनाने हप्ता भरायचा आणि रुग्णाने रोख पैसे न देता उपचार घ्यायचे, ही रचना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने मुंबई शहर व उपनगरांसह आठ जिल्ह्यांत आणली, आणि आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या योजनेशी जोडून राबवण्यात आली. त्या वेळी दीड लाखापर्यंतचा भार विमा कंपनीवर आणि त्यापुढील पाच लाखांपर्यंतचा भार राज्य आरोग्य हमी सोसायटी या शासकीय संस्थेवर, अशी मिश्र पद्धत स्वीकारली गेली. लाभार्थी स्वतः हप्ता भरत नसल्याने काटेकोरपणे पाहता ही करांतून चालणारी हमी ठरते. वृद्धांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण खासगी विम्यात वाढत्या वयाबरोबर वाढणारा हप्ता, वैद्यकीय तपासणी आणि जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ हे तिन्ही अडथळे येथे नाहीत. आधीपासूनचा मधुमेह वा हृदयविकार पहिल्या दिवसापासून ग्राह्य धरला जातो.

केंद्रीय योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हा पात्रता मुख्यतः २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेवर बेतलेली होती. त्यामुळे चाळीत किंवा सोसायटीत राहणारे, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणारे असंख्य मध्यमवर्गीय वृद्ध तिच्याबाहेर राहिले. ही उणीव दूर करण्यासाठी ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७० वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता सामावून घेण्यास मान्यता दिली, आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठीच्या आयुष्मान वय वंदना कार्डाचे वितरण सुरू झाले. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्डच धरले जाते.

पाच लाखांची वार्षिक मर्यादा प्रत्येक वृद्धाला स्वतंत्रपणे मिळते, हा समज चुकीचा आहे. घरात सत्तरी ओलांडलेले दोघे असतील, तर ती रक्कम दोघांत मिळून असते. जे कुटुंब आधीपासून केंद्रीय योजनेत आहे, त्यातील सत्तरीपुढील व्यक्तींना मात्र वेगळे पाच लाख मिळतात आणि त्यांत घरातील तरुणांचा वाटा नसतो. पती ७२ वर्षांचा व पत्नी ६६ वर्षांची असल्यास वय वंदना कार्ड पतीलाच मिळते. अशा पत्नीसाठी राज्याची योजना फार मोलाची आहे: १ जुलै २०२४ पासून या योजनेची मर्यादा प्रतिकुटुंब पाच लाख झाली असून पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांबरोबर शुभ्र शिधापत्रिकाधारकही योजनेच्या कक्षेत आले आहेत. कोकणातून वा घाटावरून मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांचे नाव गावच्याच शिधापत्रिकेवर असले, तरी ते राज्यातील असल्याने मुंबईतील उपचारांस बाधा येत नाही.

लाभ अंगीकृत, म्हणजे योजनेच्या यादीतील, रुग्णालयांतच मिळतो. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि भायखळ्याचे जे. जे. ही सार्वजनिक रुग्णालये आणि काही खासगी रुग्णालये योजनेखाली काम करतात. पण खासगी रुग्णालय यादीत असले तरी तेथील प्रत्येक विभाग त्यात असतोच असे नाही, म्हणून दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) आजाराचे नाव सांगून विचारणे इष्ट. नियोजित शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय पूर्वमान्यता मागवते. डायलिसिस व केमोथेरपी यांसारखे उपचार समाविष्ट आहेत. बाह्यरुग्ण तपासणी आणि आयुष्यभर घ्यावी लागणारी रक्तदाब-मधुमेहाची औषधे मात्र समाविष्ट नाहीत. केंद्रीय योजनेत डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचाच औषधखर्च धरला जातो. म्हातारपणीचा बराचसा खर्च या महिनोन्महिन्यांच्या औषधांवर होतो, आणि या संरक्षणाची सर्वांत मोठी मर्यादा हीच म्हणावी लागेल.

केंद्रीय सेवानिवृत्तांसाठी केंद्र सरकारची आरोग्य योजना (सीजीएचएस) आणि माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस) आहे. त्यांच्या लाभार्थ्यांना जुनी योजना किंवा वय वंदना कार्ड यांपैकी एक निवडावे लागते. कर्मचारी राज्य विमा योजनेतील (ईएसआय) वृद्ध व खासगी विमाधारक यांच्यावर असे बंधन नाही. किमान पाच वर्षे विमापात्र (ईएसआय लागू असलेली) नोकरी करून निवृत्त झालेल्या कामगारास वार्षिक १२० रुपये भरून स्वतःसाठी व पती वा पत्नीसाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते.