एक फाटा, दोन विषं

काजऱ्याची बी पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ती बी वाटतच नाही. जुन्या कोटाचं बटण वाटतं. चपटी, गोल, राखाडी, साधारण दोन सेंटिमीटर रुंद. उजेडात जरा तिरकी धरली की तिच्यावर रेशमासारखी झाक येते, कारण मध्यापासून कडेपर्यंत बारीक केस चापूनचोपून बसवलेले असतात. टणक तर इतकी, की दाताला दाद देत नाही. फळ दिसायला छोट्या संत्र्यासारखं असतं. धनेशासारखे पक्षी त्याचा गर खातात, पण बी न फोडता तशीच टाकून देतात. शहाणे आहेत. या बीच्या वजनातले साधारण दोन-तीन टक्के अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतींत तयार होणारी नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू रसायनं, असतात आणि त्यांतला मोठा वाटा दोघांचा: स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन.

काजरा, म्हणजेच औषधांच्या यादीतला कुचला, 'स्ट्रिक्नॉस' या प्रजातीतला. प्रजाती म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींचा गट. या गटात सुमारे दोनशे जाती आहेत आणि त्या आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका अशा तिन्ही खंडांच्या उष्ण पट्ट्यात पसरल्या आहेत. काही उंच झाडं, काही झुडपं, काही जंगलाच्या छतापर्यंत चढणाऱ्या जाडजूड वेली. आशियातल्या काजऱ्याचं विष शरीर धनुष्यासारखं ताठ करून मारतं. दक्षिण अमेरिकेतल्या त्याच्या चुलतभावाचं विष शरीर चिंधीसारखं सैल करून मारतं. परिणाम एकमेकांच्या अगदी उलट. रसायनाच्या पातळीवर मात्र ही दोन्ही विषं एकाच रेणूपासून फुटतात, हे कळायला माणसाला शंभराहून जास्त वर्षं लागली.

स्ट्रिक्नीन सापडलं १८१८ साली. पॅरिसमधले औषधतज्ज्ञ पेलतिए आणि काव्हांतू या दोघांनी ते वेगळं केलं, तेही काजऱ्यातून नव्हे, तर फिलिपीन्सकडच्या 'स्ट्रिक्नॉस इग्नाटी'च्या बियांमधून. पुढच्याच वर्षी ब्रुसीन हाती आलं. त्याच्या नावात एक गंमतशीर चूक कायमची अडकून बसली आहे. ज्या सालीतून ते मिळालं ती 'ब्रुसिया' नावाच्या झुडपाची आहे असा त्यांचा समज होता, म्हणून ब्रुसीन. साल प्रत्यक्षात काजऱ्याची निघाली, पण नाव राहिलं ते राहिलंच. त्यानंतर वर्षभरात, १८२० मध्ये, याच जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढलं. तीन वर्षांत तीन मोठे अल्कलॉइड, आणि हाताशी काय, तर काचेची भांडी, आम्लं, अल्कोहोल आणि चिकाटी.

दोघांचीही चव जहाल कडू. पाण्याच्या दहा लाख भागांत एक भाग स्ट्रिक्नीन असलं तरी जिभेला कळतं. ब्रुसीनचा रेणू म्हणजे स्ट्रिक्नीनच, फक्त त्याला दोन मिथॉक्सी गट, म्हणजे ऑक्सिजन आणि कार्बनचे छोटे झुबके, जास्तीचे लागलेले. एवढ्याशा भरीने त्याचा विषारीपणा बराच उतरतो, कडूपणा मात्र उतरत नाही. म्हणून कारखान्यातलं अल्कोहोल कुणी पिऊ नये यासाठी त्यात ब्रुसीन मिसळत असत.

आता स्ट्रिक्नीन शरीरात नेमकं काय करतं ते पाहू. कोपरात हात वाकवताना दंडाच्या पुढचा स्नायू आखडतो. त्याच क्षणी मागच्या स्नायूने ढिलं पडायला हवं, नाहीतर दोघांची रस्सीखेच होऊन हात जागचा हलणार नाही. 'तू थांब' हा निरोप मज्जारज्जूतल्या पेशी ग्लायसीन या छोट्या अमिनो आम्लाच्या हाती पाठवतात. समोरच्या चेतापेशीवर ग्लायसीनसाठी ठरलेली जागा असते. तिला ग्राही म्हणतात. ग्लायसीन तिथे बसलं की पेशी शांत होते. स्ट्रिक्नीन नेमकं त्याच जागेवर येऊन बसतं आणि काहीही करत नाही. त्याचं काम एवढंच, जागा अडवणं.

ब्रेक निघालेल्या गाडीसारखी मग मज्जारज्जूची अवस्था होते. दार वाजलं, कुणी हात लावला, दिवा लागला, की एवढ्यावरून अंगातले सगळे स्नायू एकदम आखडतात. पाठ आणि पाय ताठ करणारे स्नायू त्यांच्या विरुद्ध ओढणाऱ्यांपेक्षा ताकदवान, म्हणून शरीर मागे वाकून कमान होते. छातीचे स्नायूही आवळून धरलेले असतात, त्यामुळे श्वास घेता येत नाही. आणि यातली सगळ्यात क्रूर बाब म्हणजे माणूस शुद्धीवर असतो. हे वर्णन वाचून धनुर्वात आठवला असेल तर तो बरोबर आठवला. धनुर्वाताच्या जंतूंचं विष मज्जारज्जूत ग्लायसीन बाहेरच पडू देत नाही, तर स्ट्रिक्नीन बाहेर पडलेल्या ग्लायसीनला बसू देत नाही. निरोप दोन्हीकडे पोचत नाही.

अगदी थोड्या मात्रेत स्ट्रिक्नीन घेतलं की प्रतिक्षिप्त क्रिया जरा तल्लख होतात, तरतरी आल्यासारखं वाटतं. या भरवशावर ते बरीच वर्षं 'टॉनिक' म्हणून खपलं. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला त्याच्या मदतनिसांनी वाटेत ब्रँडीसोबत स्ट्रिक्नीन पाजलं होतं. शर्यत संपली तेव्हा त्याला उभंही राहवत नव्हतं. औषधाची आणि मरणाची मात्रा इतकी जवळजवळ असताना लोक हे पदार्थ हौसेने घेत होते, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. आज क्रीडास्पर्धांमध्ये त्यावर बंदी आहे.

दुसरी गोष्ट ओरिनोको आणि ॲमेझॉनच्या जंगलांतली. तिथले शिकारी बाणांच्या आणि फुंकनळीच्या काड्यांच्या टोकांना जे काळं, डांबरासारखं विष लावत ते क्युरारे. १८०० साली ओरिनोकोकाठच्या एस्मेराल्दा या वस्तीत जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टने ते तयार होताना पाहिलं. वेलीची साल कुटायची, पाण्यात तिचा अर्क उतरवायचा, आटवायचा आणि पुरेसा कडू झाला का ते चाखून बघायचं. हो, चाखून. ओठाला किंवा हिरडीला जखम नसेल तर पोटात गेलेलं क्युरारे बाधत नाही. म्हणूनच त्याने मारलेल्या प्राण्याचं मांस खुशाल खाता येतं. नांवाप्रमाणे क्युरारे एकच वाटलं तरी ते अनेक वनस्पतींचं बनतं. बांबूच्या नळ्यांत ठेवलेलं क्युरारे मुख्यतः 'कोंड्रोडेंड्रॉन' नावाच्या वेगळ्याच कुळातल्या वेलीचं असे. शस्त्रक्रियेत पुढे गाजलेलं ट्युबोक्युरारीन त्यातलं. भोपळ्यात ठेवलेलं क्युरारे मात्र स्ट्रिक्नॉसचं, विशेषतः 'स्ट्रिक्नॉस टॉक्सिफेरा' या वेलीचं. आपला विषय हा दुसरा प्रकार.

गयानाच्या जंगलांतून हे विष घेऊन आलेल्या चार्ल्स वॉटर्टनने १८१४ साली लंडनमध्ये एका गाढविणीवर प्रयोग केला. तिच्या खांद्यात विष टोचलं. दहा मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. मग तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने फुप्फुसांत हवा भरायला सुरुवात झाली. दोन तासांनी तिने मान उचलली. भाता थांबवला, तर पुन्हा कोसळली. आणखी दोन तास भाता चालला आणि ती उठून उभी राहिली. पुढे ती चांगली पंचवीस वर्षं जगली. हृदय चालू होतं, शरीर शाबूत होतं, थांबला होता तो फक्त श्वासाचा स्नायू. विष उतरेपर्यंत श्वास चालू ठेवला की प्राणी वाचतो हे एका गाढविणीने दाखवून दिलं.

विष नेमकं कुठे लागतं हे १८५० च्या सुमारास फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नारने बेडकावर दाखवलं, आणि तो प्रयोग मला आजही फार देखणा वाटतो. त्याने बेडकाच्या एका मागच्या पायाचा रक्तपुरवठा दोऱ्याने बांधून बंद केला, नस, म्हणजे स्नायूला हुकूम पोचवणारा मज्जातंतू, मात्र मोकळी ठेवली. मग अंगात क्युरारे सोडलं. बेडूक लुळा पडला. लुळ्या भागाला चिमटा काढला की बांधलेला पाय, ज्यात विष पोचलंच नव्हतं, तो झटका मारी. म्हणजे बेडकाला जाणवत होतं, मज्जारज्जू हुकूमही सोडत होता. लुळ्या स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तोही आखडे. नसही ठीक, स्नायूही ठीक, बिघाड दोघांच्या मधल्या सांध्यावर. तिथे नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं आणि स्नायूवरच्या ग्राहीवर बसतं, हे नंतरच्या शतकात उलगडलं. क्युरारे ती जागा अडवतं. आधी पापण्या मिटतात, मग मान, हातपाय आणि शेवटी श्वासपटल.

यातली सुंदर गोष्ट अशी, की ग्लायसीनचा ग्राही आणि स्नायूवरचा अ‍ॅसिटिलकोलीनचा ग्राही ही दोन्ही एकाच प्रथिन-घराण्यातली भावंडं आहेत. दोन्ही पाच तुकड्यांची, मध्ये आयनांसाठी, म्हणजे विद्युतभारित कणांसाठी, वाट ठेवून गोलाकार उभी. स्ट्रिक्नीनसुद्धा कधीकधी घर चुकतं. कानाच्या आतल्या शंखाकृती भागात अ‍ॅसिटिलकोलीनचा एक वेगळा ग्राही आहे, त्यालाही ते अडवतं. त्यामुळे एकाच प्रजातीतली दोन विषं या भावंडांपैकी एकेकाला धरून बसतात यात नवल वाटायला नको. ग्लायसीनचा ग्राही १९८२ मध्ये उंदराच्या मज्जारज्जूतून शुद्ध स्वरूपात वेगळा काढला गेला, तोही स्ट्रिक्नीनसारखा रेणू गळासारखा वापरूनच.

आता रसायनाकडे. स्ट्रिक्नीनच्या रेणूत २१ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन. आकाराने लहानच म्हणायचा, पण सात कड्या एकमेकींत अशा गुंतलेल्या, की हायड्रोजन सोडले तर एक ऑक्सिजन वगळता प्रत्येक अणू कुठल्या ना कुठल्या कडीत अडकलेला आहे. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ रॉबर्ट रॉबिन्सनने १९४६ मध्ये त्याची बरोबर रचना मांडली. सापडल्यापासून १२८ वर्षांनी. १९५४ मध्ये अमेरिकन रसायनतज्ज्ञ वुडवर्डने ते प्रयोगशाळेत शून्यातून बांधून दाखवलं.

या रचनेच्या शोधाशोधीत रसायनतज्ज्ञ स्ट्रिक्नीन तोडून तुकडे तपासत. १९३२ मध्ये वीलँड आणि गुमलिश यांनी दोन कार्बनांचा एक दुवा काढून टाकला आणि मागे एक अल्डिहाइड, म्हणजे दुसऱ्या रेणूंशी सहज जुळणारं एक संयुग, उरलं. आज त्याला त्या दोघांचंच नाव आहे: वीलँड-गुमलिश अल्डिहाइड. पुढच्या काही वर्षांत वीलँडच्याच प्रयोगशाळेत भोपळ्यातल्या क्युरारेवर काम सुरू झालं. दोन कुलपं समोर, किल्ली खिशात, आणि ती एकच आहे याचा पत्ता नाही! १९५० च्या दशकात झुरिकमध्ये कारर आणि श्मिड यांच्या गटांनी कोडं सोडवलं. क्युरारेतलं जहाल टॉक्सिफेरीन म्हणजे याच अल्डिहाइडचे दोन रेणू, प्रत्येकाच्या एका नायट्रोजनवर मिथिल, म्हणजे एका कार्बनचा छोटा गट, चढवून, तोंडाला तोंड लावून जोडलेले. त्या मिथिलमुळे रेणूवर दोन कायमचे धन प्रभार बसतात. प्रभारित रेणू आतड्याच्या भिंतीतून नीट शिरत नाही, म्हणून मांस खाता येतं. तो मेंदूत आणि मज्जारज्जूतही पोचत नाही, म्हणून त्याचा मारा स्नायूपर्यंतच. स्ट्रिक्नीनला असा अडसर नाही. ते थेट आत जातं.

मग एक उलटी करामत शक्य झाली. काजऱ्याच्या बीतलं स्ट्रिक्नीन घ्यायचं, तोडून अल्डिहाइड करायचं, त्याची जोडी जमवायची, आणि आखडवणाऱ्या विषातून सैल करणारं विष काढायचं. याच वाटेने, मिथिलच्या जागी तीन कार्बनांचा अ‍ॅलिल गट लावून, अल्क्युरोनियम तयार झालं आणि १९६० च्या दशकापासून शस्त्रक्रियेत स्नायू ढिले ठेवायला वापरलं गेलं.

झाड हे सगळं कसं करतं ते मात्र २०२२ पर्यंत पूर्ण कळलं नव्हतं. त्या वर्षी जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेत सारा ओ'कॉनर यांच्या गटाने काजऱ्यातली जनुकं एकेक करून ओळखली. सुरुवात ट्रिप्टोफॅन या साध्या अमिनो आम्लापासून. पुढे बऱ्याच पायऱ्या उतरून येतो तो फाटा, वीलँड-गुमलिश अल्डिहाइड. १९३२ मध्ये काचेच्या भांड्यात तोडून मिळालेला तुकडा झाडाच्या वाटेवरचा खरा मुक्काम निघाला. काजऱ्याचं एन्झाइम त्याला तीन कार्बनांचा मॅलोनिल गट लावतं. मग एक कार्बन गळतो, उरलेल्या दोघांची कडी मिटते आणि स्ट्रिक्नीन होतं. ती शेवटची कडी मिटवायला एन्झाइम लागतच नाही, रेणू आपला आपण मिटतो. ही अख्खी वाट त्यांनी तंबाखूच्या एका भाऊबंद रोपात बसवली, तेव्हा त्याच्या पानातही स्ट्रिक्नीन तयार झालं.

याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका जातीत मॅलोनिलऐवजी दोन कार्बनांचा ॲसिटिल गट लावणारं एन्झाइम सापडलं. त्यातून होतं डायाबोलीन, आणि तिथे वाट संपते. दोन्ही एन्झाइम इतकी सारखी, की एक अमिनो आम्ल बदललं की कल दुसऱ्या बाजूला झुकतो. डायाबोलीन हा निवळीच्या बीतला मुख्य अल्कलॉइड. हो, निवळीही स्ट्रिक्नॉसच, 'स्ट्रिक्नॉस पोटॅटोरम'. गढूळ पाण्याच्या भांड्याला तिची बी आतून घासली की बीतल्या लांबलचक शर्करा-साखळ्या मातीच्या कणांना गुंफतात, त्यांचे गुठळे होतात आणि तळाशी बसतात. मनुस्मृतीत एक श्लोक आहे: कतकाचं, म्हणजे निवळीचं, फळ पाणी स्वच्छ करतं खरं, पण नुसतं त्याचं नाव घेऊन पाणी निवळत नाही. बी घासावी लागते.