नैराश्यावरचे उपचार: भिंतीआडून ओसरीपर्यंत

'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य मुंबई-कोकणात वाढलेल्या बहुतेकांनी ऐकलं असेल. पुण्याकडे हेच येरवड्याचं नाव घेऊन बोलतात. गावांची नावं अशी शिवीसारखी वापरात आली, त्याला इतिहास आहे. नागपूरला १८६४, रत्नागिरीला १८८६ आणि ठाण्याला १९०१ मध्ये मनोरुग्णालयं उभी राहिली. येरवड्याची इमारत त्यानंतरची. लोकांच्या तोंडी ती सगळी 'वेड्यांची इस्पितळं'. १९१२ च्या कायद्याचं नावच 'इंडियन लुनसी ॲक्ट', म्हणजे वेडाचा कायदा, असं होतं आणि बरीचशी माणसं तिथे पोहोचायची ती दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने. आरडाओरडा करणारा, रस्त्यावर भटकणारा, ज्याचा चार लोकांना उपद्रव होतो, तो वेडा.

घरात गप्प पडून राहणारा, जेवणावरची वासना उडालेला, कशातच जीव रमत नाही असा माणूस या व्यवस्थेच्या नजरेस पडायचं कारणच नव्हतं. त्याचा उपद्रव कुणालाच नव्हता. नैराश्य ओळखू न येण्याचं मूळ मला इथे दिसतं. लोक अडाणी होते असं मी मुळीच म्हणणार नाही. उपचारांचं दार एकच होतं आणि त्यावर 'वेड' असं लिहिलेलं होतं.

शब्दांची वाण मात्र आपल्याकडे कधीच नव्हती. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग, आणि तिथे अर्जुन मनाचं दुःख सांगतो ते शरीरावरून: गात्रं गळताहेत, तोंडाला कोरड पडली आहे. आपली माणसंही असंच बोलतात. अंगात त्राण नाही, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं.

माझ्या मावशीची सात वर्षांची फाइल मी चाळली आहे. ॲसिडिटी, पाठदुखी, थकवा. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, दोनदा सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच, मग उजाडेपर्यंत कूस बदलत पडणं. याला ती 'वयाचं' म्हणायची. रोज सकाळी सहाला आकाशवाणी लावणारी ही बाई रेडिओला हात लावेनाशी झाली होती. हे आम्ही एकाही डॉक्टरला सांगितलं नाही, कारण हेही लक्षण असतं हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

अखेर ती मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला तयार झाली, ती ओपीडी सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या विभागाला लागून होती म्हणून. वाटेत कुणी भेटलंच तर 'चष्म्याचा नंबर काढायला आलेय' म्हणता येणार होतं. ही सोयही आपोआप झालेली नाही. सर्वसाधारण रुग्णालयातच मनाच्या आजारांचं क्लिनिक, ही कल्पना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी १९३८ मध्ये प्रत्यक्षात आणली. त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

औषधं त्यानंतरची, आणि तीही अवचित सापडलेली. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ मध्ये क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे क्षयावरचं औषध दिलं, तर खाटेवरची माणसं उठून हसू-बोलू लागली. स्वित्झर्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ रोलंड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरचा गुण १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध १९८७ चं.

कायदा मात्र मागेच राहिला. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मुंबईच्या एका पोलीस शिपायाला अपघातात डोक्याला मार लागून मानसिक आजार जडला होता, त्याच्यावर हे कलम लागलं. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. अशा माणसाला कोठडी नको, उपचार हवेत, असं न्या. पी. बी. सावंत यांनी बजावलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कलम पुन्हा उचलून धरलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरून त्याला शिक्षेतून सोडवलं. आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायचं, हेही त्याच कायद्यातलं.

सगळ्यात मोठा बदल माझ्या मते गोव्यात झाला. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची कुठलीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. सहा ते आठ बैठका, कधी केंद्रात तर कधी रुग्णाच्या घरी. पूर्वी काय आवडायचं, ते कधी सुटलं, त्यातलं एखादं छोटंसं काम या आठवड्यात जमेल का, असं बोलणं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीव्र नैराश्यातही याने गुण येतो. याच धर्तीवर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत काम झालं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. देशभरातलं चित्र पाहिलं की या आकड्याचं मोल कळतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्याच्या १०० पैकी सुमारे ८५ रुग्णांना उपचारच मिळत नव्हते.

मावशीला डॉक्टरांनी सुरुवातीला दोनच गोष्टी विचारल्या. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास असतं का? पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमत नाही, असं होतं का? दुसऱ्या प्रश्नावर ती रडली. गोळीचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांनी चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं. ज्यांना ओपीडीपर्यंत जाणं जमत नाही किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.