पडद्यावरची खोटी तलवार लगेच का कळते?

तलवारी, चेटकीण, ड्रॅगन असला पिच्चर बघून आलं की बाकीच्या गावातली लोकं आधी ड्रॅगन कसा केला ते विचारतात. कोल्हापुरात पहिली शंका तलवारीवर. कारण इथं शिवजयंतीला मर्दानी खेळ बघत बघतच पोरं मोठी होतात, दांडपट्टा फिरवणाऱ्याचं अंग कसं वळतं ते डोळ्यात बसलेलं असतं, आणि मग हिरो एवढी मोठी तलवार चमच्यासारखी फिरवायला लागला की मागच्या रांगेतनं आवाज येतोच, "आरं, पत्र्याची हाय ती!"

फिजिक्सच्या हिशोबानं त्या मागच्या रांगेचं बरोबर असतं. शूटिंगला फायटिंगच्या तलवारी बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, लांबून घ्यायच्या शॉटला तर रबराच्या किंवा बांबूच्यापण चालतात. पोलादाचा एक घन सेंटीमीटर साधारण 7.8 ग्रॅम भरतो, अ‍ॅल्युमिनियमचा 2.7. म्हणजे आकार तोच आणि वजन तिसरा हिस्सा. आता खरी तलवार फिरवून मध्येच थांबवायची तर नुसतं मनगट पुरत नाही, खांदा मागं ओढावा लागतो, पाय सरकतो, कंबर आवळावी लागते. हलकी असली की मनगटावरच जागच्या जागी थांबते. बघणाऱ्याला वजन दिसत नाही, पण थांबणं दिसतं ना! पट्ट्यात तर मूठच कोपराकडं पार हात झाकून टाकते, मनगट वळायचा प्रश्नच नाही, सगळा फिरकीचा खेळ खांद्यातनं आणि पायातनं. म्हणून तो बघितलेल्या माणसाला फसवणं जास्त अवघड.

मग मुठीत शिसं भरून वजन वाढवायचं का? तर तेवढ्यानं भागत नाही. फिरवायला किती जड जातं ते वजन हातापासून किती लांब आहे त्यावर ठरतं, आणि तेसुद्धा अंतराच्या वर्गानं. मुठीपासून 10 सेंटीमीटरवरचे 50 ग्रॅम आणि 80 सेंटीमीटरवर टोकाला लावलेले तेच 50 ग्रॅम, फरक 64 पटींचा. म्हणजे वजन टोकाला पाहिजे, पण टोक जड केलं आणि समोरच्याला चुकून लागलं तर हाड मोडायचं. त्यामुळं फाईट मास्तर टोक हलकंच ठेवतो आणि वजनाची अ‍ॅक्टिंग हिरोला करायला लावतो. माझ्या मते अशा पिच्चरमधली सगळ्यात अवघड अ‍ॅक्टिंग हीच, रडणं सोपं आहे त्यापेक्षा.

दुसरी युक्ती लई जुनी. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला आणि 1920 साली 'सैरंध्री' काढला, त्या काळात कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचे. हँडल हळू फिरवलं की पडद्यावर माणसं पळायला लागतात, मग खरी जड तलवारपण सपासप चालल्यासारखी दिसते. पण गोम अशी की त्या शॉटमध्ये तलवार एकटी जोरात पळत नाही. सेकंदाला 12 फ्रेम घेऊन 24 नं दाखवल्या तर उडालेली धूळ, शेल्याचं टोक, हातातनं सुटलेली ढाल सगळंच दुप्पट वेगानं खाली येतं, आणि गुरुत्वाकर्षण दुप्पट नाही, चौपट झाल्यासारखं वाटतं. आपल्या डोक्यात लहानपणापासनं 9.8 चा हिशोब फिट बसलेला असतो, शाळेत फिजिक्समध्ये नापास झालेल्याच्यापण.

आजकाल तर हिरव्या पडद्याची वेगळीच भानगड. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल किंवा निळ्या ठिपक्यांच्या दुप्पट हिरवे ठिपके असतात, त्यामुळं हिरवा रंग स्वच्छ उचलला जातो आणि कॉम्प्युटरला सांगता येतं की हिरवं तेवढं उडव आणि तिथं राक्षसाचा किल्ला बसव. पण चकचकीत पातं म्हणजे आरसाच की, त्यात हिरवा पडदा दिसतो, कॉम्प्युटर तेवढं पातंपण उडवतो आणि तलवारीला भोक पडतं. त्यावर उपाय साधा, पात्यावर मॅट स्प्रे मारायचा.

किल्ल्याचं मॉडेल करून पाडायचं असेल तर वरचाच चौपटवाला हिशोब उलटा लावायचा. 16 मीटर उंचीवरचा दगड खाली यायला साधारण 1.8 सेकंद लागतात, 1 मीटरच्या मॉडेलवरचा 0.45 सेकंदातच आपटतो. मॉडेल 16 पट लहान केलं, पण पृथ्वी काय कुणासाठी लहान होत नाही. 16 चं वर्गमूळ 4, म्हणून शूटिंग चौपट स्पीडनं, 96 फ्रेमनं घ्यायचं आणि 24 नं दाखवायचं, की तोच ठोकळा बुरुजासारखा सावकाश ढासळतो.

आता हे करायला स्टुडिओ लागत नाही, बऱ्याच मोबाईलमध्ये 120 फ्रेमचा स्लो मोशन असतो. 120 भागिले 24 म्हणजे 5, पाचाचा वर्ग 25. तेव्हा पन्हाळ्याच्या तीन दरवाजाचं 25 पट लहान मॉडेल करा, प्लास्टर ऑफ पॅरिसचं चालेल, फक्त तुकडे बारीक पडतील असं ठिसूळ ठेवा आणि कॅमेरा अगदी खाली जमिनीला टेकवा. त्यात रंकाळा तलाव मात्र घालू नका, पाण्याचा थेंब किती मोठा ते पृष्ठताण ठरवतो, तो काय तुमच्या मॉडेलसाठी 25 पट लहान होत नाही, आणि दरवाजाएवढे टपोरे थेंब उडाले की मागच्या रांगेतनं परत आवाज येणार.