पिकअपचं मॅनिफोल्ड पॅकिंग घरी बदलताना
चिपळूण, खेड, गुहागर आणि दापोली भागातल्या आमच्या पिकअपधारक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आंब्याचा हंगाम जवळ आला की दुकानात एक चौकशी हमखास येते. अमेरिकन पिकअपला चकचकीत स्टीलचे हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या लांब नळ्यांचा संच) बसवतानाचे व्हिडिओ मोबाइलवर बघितलेले असतात, आणि ग्राहक विचारतात, "आमच्या गाडीला असं काही बसेल का? कुंभार्ली चढताना गाडीला ओढच नाही." हेडर आम्ही विकत नाही. ते का, हे आधी थोडक्यात सांगतो. मग गाडीची ओढ बहुतेक वेळा कुठे हरवते आणि ती घरच्या अंगणात कशी परत आणता येते, ते सविस्तर.

हेडर तिकडे का चालतो

फोर्ड एफ-१५० किंवा शेवरोले सिल्व्हराडो अशा गाड्यांमध्ये आठ सिलिंडरची, टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नसलेली पेट्रोल इंजिनं वर्षानुवर्षं येत आली आहेत. त्यांच्या बिडाच्या आखूड मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढे नेणाऱ्या ओतीव भागात, एका बाजूच्या चारही सिलिंडरचा धूर एकाच अरुंद जागेत येतो आणि एकमेकांची वाट अडवतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची लांब नळी मिळते. एका सिलिंडरचा धूर वेगाने पुढे गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि त्यामुळे पुढच्या सिलिंडरचा धूर बाहेर खेचला जातो. जास्त आरपीएमवर त्या इंजिनांना याचा खरोखर फायदा होतो. तरी तिकडेही मोकळीक नाही: कॅलिफोर्नियात तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक नसलेला हेडर असेल, तर गाडी धुराच्या तपासणीत अडकते.

आपल्या बोलेरो पिकअपचं २,५२३ सीसीचं डिझेल इंजिन चार सिलिंडरचं आहे आणि मॅनिफोल्डला लागूनच टर्बो आहे. टर्बोचा पंखा धुराच्या दाबावर आणि उष्णतेवर फिरतो. बिडाचा आखूड, जाड मॅनिफोल्ड ती उष्णता टर्बोपर्यंत पोचवतो. त्याच्या जागी लांब, पातळ नळ्या आल्या तर उष्णता वाटेतच जाते, टर्बो उशिरा उचलतो, आणि घाटात जी खालच्या आरपीएमवरची ओढ हवी असते तीच कमी होते. पैसे घालवून गाडी मंद करून घेण्यासारखं हे काम आहे.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल करू देत नाही. धूर किंवा आवाज मर्यादेबाहेर गेला तर कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिने हातचं जातं. मालवाहतुकीवर ज्याचं घर चालतं त्याला हे परवडणारं नाही.

मग ओढ जाते कुठे?

बऱ्याच गाड्यांमध्ये ती मॅनिफोल्ड आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्या मधल्या पॅकिंगमधून, म्हणजे जोड बंद ठेवणाऱ्या पातळ थरातून, गळते. धूर टर्बोच्या आधीच बाहेर पडला की पंख्याला पुरेसा जोर मिळत नाही, इंजिनात हवा कमी जाते आणि डिझेल पुरतं जळत नाही. परिणामी चढावर काळा धूर, वाढलेला खर्च, आणि तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी दुसऱ्यावर यायला लागते. पुष्कळ जण अशा वेळी पंप आणि नोझल खोलून बसतात. त्याआधी पाच मिनिटं मॅनिफोल्डकडे बघा, असं आमचं कळकळीचं सांगणं आहे.

ओळखायचं कसं? सकाळी गार इंजिन चालू केल्यावर "टिक-टिक" किंवा "फट-फट" असा बारीक आवाज येतो आणि गाडी तापल्यावर तो कमी होतो, कारण बीड तापून फुगतं आणि फट थोडी मिटते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज सहसा असा तापल्यावर मिटत नाही. जोडावर काळ्या काजळीचा ओघळ दिसला की शंका उरत नाही. नक्की जागा सापडत नसेल तर गार इंजिनावर साबणाचं पाणी शिंपडा, कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात बुडबुडे कुठे येतात ते बघा. त्यानंतर लोखंड तापतं आणि पाणी उडून जातं. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात, बाह्या, गळ्यातला टॉवेल लांब ठेवा.

केबिनमध्ये धुराचा वास येत असेल किंवा लांबच्या फेरीत डोकं जड होत असेल, तर काम पुढे ढकलू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वास येतोय म्हणजे बाकीचा धूर आत शिरतोय, आणि त्याच्याबरोबर तोही.

कोणत्या गाडीचं काम घरी करू नये

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळीची गाळणी, तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर, त्यांच्या वायरी असा बराच पसारा असतो. एक वायर ओढली गेली तरी डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि कॉम्प्युटर लावल्याशिवाय तो जात नाही. या गाड्या आमच्याकडे किंवा कंपनीच्या वर्कशॉपला आणा. त्याआधीच्या गाड्यांचं काम मात्र हात बसलेला माणूस अंगणात नीट करू शकतो.

जुलै २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेली गाडी असेल तर आधी आम्हाला विचारा. त्या गाड्यांचे स्टड (मॅनिफोल्ड धरून ठेवणारे, हेडमध्ये बसवलेले आटेदार दांडे) आतून किती खाल्ले गेलेत हे बाहेरून कळत नाही, आणि हेडमध्ये स्टड तुटला की अर्ध्या दिवसाचं काम आठवड्यावर जातं.

स्टड सोडवणं: सगळं काम इथेच आहे

कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत मॅनिफोल्डचे नट गंजून बसतात. इंजिन तापतं, गार होतं, चार महिने पाऊस, आणि नट-स्टड एकजीव होतात. घाटावरच्या गाडीचा सहज सुटणारा नट गुहागरच्या गाडीला तुटतो. म्हणून घाई नको. गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी मारा, रात्री झोपण्याआधी पुन्हा मारा, आणि सकाळी गार इंजिनावर कामाला लागा. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल ओतू नका. धूर तर होतोच, कधीकधी पेटही घेतं.

सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून करा. खाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नका. सपाट जमीन, चाकांना ठोकळे, आणि चासीखाली दोन्ही बाजूंना जॅक स्टँड हवेत. मग हीट शील्डचा पत्रा, टर्बोकडे येणारे हवेचे पाइप, टर्बोचे ऑइल पाइप आणि ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात नेणारा) पाइप सोडवा. ऑइल पाइपच्या जोडातले तांब्याचे वॉशर जुने परत वापरू नका. टर्बोची तोंडं उघडी पडली की लगेच स्वच्छ फडक्याने बंद करा आणि फडक्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे जोडताना ते काढायचं राहणार नाही. एक नट किंवा वॉशर आत पडला आणि तसंच इंजिन चालू केलं तर टर्बोचा पंखा गेला.

नटाला सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा. बारा कोनी गोटीने गंजलेल्या नटाचे कोपरे घासले जातात. पहिल्यांदा किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवा, मग सोडवण्याच्या. चतकोर फेरा सुटला की पुन्हा तेल, पुन्हा थोडं आवळणं, पुन्हा सोडवणं. नट रबरासारखा लवचिक वाटायला लागला, म्हणजे फिरतोय असं वाटतंय पण सुटत नाही, तर तिथेच थांबा. स्टड पिळला जातोय; आणखी जोर लावला की तुटणार. अशा नटासाठी गाडी आमच्याकडे आणा. आम्ही नट तापवून सोडवतो, आणि स्टड तुटलाच तर उरलेल्या टोकावर नवा नट वेल्ड करून काढतो. घरी डिझेलच्या पाइपांशेजारी गॅसची ज्योत वापरू नका, आणि तुटलेला स्टड साध्या ड्रिलने काढायला जाऊ नका. ड्रिल तिरपं गेलं तर हेडचे आटे जातात.

पृष्ठभाग सपाट आहे का, हे मोजा

मॅनिफोल्ड हातात आला की जुनं पॅकिंग खरवडण्याआधी ते पाण्याने ओलं करा. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाता कामा नये. मास्क लावा आणि खरवडलेला चुरा ओल्या कागदात गुंडाळून टाका.

नवं पॅकिंग आणलं की काम झालं, असं बरेच जण समजतात आणि महिन्याभरात तीच तक्रार घेऊन परत येतात. पॅकिंग आपोआप जात नाही. ४० सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला तर दोन मिलिमीटरहून जास्त वाढतो. फेरीगणिक हे वाढणं-आकसणं होऊन तो हळूहळू वाकतो. म्हणून सरळ पोलादी पट्टी मॅनिफोल्डच्या तोंडांवर लांबीत आणि तिरपी ठेवा आणि खाली फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या संचातलं) पान सरकवून बघा. ०.१५ मिलिमीटरचं पान सहज शिरलं की आम्ही मॅनिफोल्ड सरफेस करायला, म्हणजे तोंडं सपाट करायला, लेथवर पाठवतो. वाकड्या तोंडावर सगळ्यात महागडं पॅकिंगही टिकत नाही. त्याच वेळी तडा आहे का ते वायर ब्रशने घासून नीट बघा, विशेषतः दोन तोंडांच्या मधल्या अरुंद भागात. तडा असेल तर तो मॅनिफोल्ड बदला. बिडाचं वेल्डिंग एवढ्या उष्णतेत फार काळ तग धरत नाही.

पॅकिंगवर सिलिकॉन लावायचा मोह टाळा. आपण साधारण वापरतो ते सिलिकॉन ३०० अंशांच्या आसपासच टिकतं आणि घाटात भरलेल्या गाडीचा मॅनिफोल्ड याच्या दुप्पट तापतो. पॅकिंग कोरडंच बसवायचं आहे.

परत जोडताना

स्टडचे आटे टॅप-डायने साफ करा आणि जास्त उष्णतेत चालणारं तांब्याचं ग्रीस अगदी थोडं लावा. नट नवेच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेले मिळाले तर उत्तम. हार्डवेअरच्या दुकानातले जीआयचे नट इथे चालत नाहीत. एवढ्या तापमानाला जस्ताचा मुलामा टिकत नाही आणि पुढच्या वेळी नट सुटत नाही.

सगळे नट आधी हाताने बसवा. मग मधल्या नटापासून सुरू करून दोन्ही बाजूंना बाहेर जात तीन टप्प्यांत आवळा. एका टोकाकडून आवळत गेलात तर दुसरं टोक उचललं जातं. ८ मिलिमीटरच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटरच लागतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. लांब पाइप घालून पान्यावर जोर देणाऱ्यांचे स्टड पहिल्याच घाटात तुटतात. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) नसेल तर अनामत ठेवून आमच्याकडून दिवसभरासाठी न्या, त्याचं भाडं आम्ही घेत नाही.

ऑइल पाइप जोडण्याआधी टर्बोच्या तोंडात थोडं स्वच्छ इंजिन ऑइल ओता. पहिल्यांदा चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं फक्त आयडलवर ठेवा, रेस नको. काम उघड्यावरच करा, बंद शेडमध्ये इंजिन चालू करू नका. ऑइलचा किंवा धुराचा ओघळ दिसतो का ते बघा. एक फेरी मारून गाडी रात्रभर गार होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी नट पुन्हा तपासा. नव्या पॅकिंगची जाडी पहिल्या तापण्यात किंचित दबते.

पुन्हा तेच होऊ नये म्हणून

पॅकिंग वारंवार जात असेल तर सायलेन्सरचे रबरी हँगर बघा. एखादा तुटलेला असेल तर पूर्ण पाइपचं वजन मॅनिफोल्डवर लटकतं आणि प्रत्येक खड्ड्याला त्याला झटका बसतो. इंजिनाचं माउंटिंग बसलेलं असेल तरीही असंच होतं. आम्ही पॅकिंग देताना हँगरबद्दल विचारतो तो विकायला म्हणून नाही. हँगर आहे तसाच ठेवून पॅकिंग बदललं तर ते पैसे वाया जातात.

कुंभार्ली किंवा आंबा घाट चढून वर आल्यावर लगेच चावी बंद करू नका. एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. टर्बोला आणि मॅनिफोल्डला सावकाश गार व्हायला वेळ मिळतो. तापलेल्या इंजिनावर पाइपने पाणी मारून धुणं तर बंदच करा. बिडाला त्याने तडे जाऊ शकतात.

दुकानात येताना

जुनं पॅकिंग फाटलेलं असलं तरी बरोबर आणा. गाडीचं आरसी बुक किंवा त्याचा मोबाइलवरचा फोटो लागेल, कारण एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षानुसार मॅनिफोल्ड बदललेला असतो. स्टड तुटला असेल तर त्याचा तुकडा आणा, म्हणजे व्यास आणि आटे मोजून तसाच स्टड देता येईल. पॅकिंग पाकिटातून काढलेलं नसेल आणि चुकीचं निघालं तर आठ दिवसांत बदलून देऊ. एकदा बसवून आवळलेलं पॅकिंग मात्र परत घेत नाही, कारण ते दुसऱ्या कोणाच्या गाडीला लावता येत नाही.